अप्रेझलचा आहेर

मार्च महिन्यात बेंगळुरूमध्ये दोन गोष्टींना बहर येतो. रस्त्याकडेच्या ताबेबुयांना गुलाबी फुलांचा आणि आयटी कंपन्यांना सेल्फ-अप्रेझलचा. फुलांचे फोटो सगळेच काढतात. अप्रेझलचा स्क्रीनशॉट फार तर घरी दाखवायचा असतो, तोही हाइक बरी असली तर.

तसं या शहराला बारा महिने अभिप्राय मागायचं वेड आहे. रिक्षावाला मारतहळ्ळीपासून व्हाइटफील्डपर्यंत सरकारला, पावसाला आणि पुढच्या टेम्पोला शिव्या घालत येतो आणि उतरताना एकदम मऊ होऊन म्हणतो, "मॅडम, फाइव्ह स्टार कोडी." विमानतळावर स्वच्छतागृहाच्या दाराशी तीन चेहरे लावलेले असतात, हसरा, मख्ख आणि रडका. हात ओले असताना यातला एक दाबायचा. जेवण मागवलं तर डोशाचा पहिला घास उतरायच्या आत फोन थरथरतो: कसा होता डोसा? परवा दातांच्या दवाखान्यात दाढ भरून बाहेर आले, अर्धा जबडा बधिर, आणि काउंटरवरच्या मुलीने टॅब्लेट पुढे केला: "तुमचा अनुभव सांगा." मला त्या घडीला स्वतःचं नाव सांगता येत नव्हतं. पण पाच तारे दाबायला जीभ लागत नाही, ही या व्यवस्थेची खरी सोय.

आम्ही मराठी माणसं या गावात येतो तेव्हा सुरुवातीला गोंधळतो, कारण आपल्याकडे अभिप्राय मागावा लागत नाही. तो मिळतोच. लग्नात जेवून हात धुता धुता जिलबी पाकात मुरलेली नाही हे यजमानाला सांगणं, हे आपल्याकडे आशीर्वादाइतकंच कर्तव्य समजलं जातं. माझे बाबा सांगलीला शिक्षक होते. मी टीम लीड झाले तेव्हा घरच्या ग्रुपवर मोठ्या हौसेने कळवलं. चुलत्यांनी हार, पेढे, फटाके असं सगळं चित्ररूपाने पाठवलं. बाबांचं उत्तर तासाभराने आलं: "अभिनंदन. पगार किती वाढला ते लिहिलेलं नाही. बातमी अपुरी आहे."

इन्फोसिस १९८१ मध्ये पुण्यात सुरू झाली आणि १९८३ मध्ये इकडे बेंगळुरूला हलली. इथली मायको कंपनी ग्राहक म्हणून मिळाली, असं त्याचं कारण सांगतात. ते खरंच असेल. पण माझा आपला एक संशय आहे. दोन वर्षं पुण्यात काढल्यावर त्यांना पुरेसा फीडबॅक मिळालेला असणार.

तर अशा वातावरणात वाढलेल्या माणसाला इथल्या कंपन्या रीतसर प्रशिक्षण देतात. आमच्याकडेही झालं. बंद खोली, गार एसी आणि पहिल्याच स्लाइडवर मोठ्या अक्षरात 'फीडबॅक इज अ गिफ्ट'. मग सँडविच पद्धत. आधी कौतुक, मध्ये दोष, शेवटी पुन्हा कौतुक. शिकवणाऱ्या बाईंनी दोघादोघांच्या जोड्या लावल्या आणि सांगितलं, सहकाऱ्याचं काम वेळेत होत नाही, हे त्याला या पद्धतीने सांगा. आमच्यातला सदाशिव पेठेतला एक गृहस्थ उठला आणि समोरच्याला म्हणाला, "तुझा शर्ट छान आहे. काम झालेलं नाही. शर्ट खरंच छान आहे." बाईंनी त्याला खाली बसवलं. माझ्या मते त्या दिवसातलं सगळ्यात स्वच्छ वाक्य तेच होतं. निदान मधला भाग कुणाच्या लक्षात राहिला नाही, असं झालं नाही. एरवी सँडविच खाणारा पाव लक्षात ठेवतो आणि खूश होऊन घरी जातो.

पण 'फीडबॅक ही भेट आहे' हे त्या स्लाइडवरचं वाक्य अगदी खरं आहे, फक्त ज्याने लिहिलं त्याला वाटलं त्या अर्थाने नाही. भेट म्हणजे आपला आहेर. ३६० अंशांतून फीडबॅक घ्यायचा म्हणून कंपनी सांगते, तुमच्याबद्दल लिहायला पाच जणांची नावं द्या. माणूस कोणाची नावं देईल? ज्यांच्याबद्दल आपण लिहिलंय त्यांचीच. घरच्या कार्यात मावशी वही घेऊन बसलेली असते: अमक्यांकडून १०१ आणि स्टीलचा डबा, तमक्यांकडून ब्लाउजपीस. पुढच्या कार्यात त्या वहीप्रमाणे परतफेड. इथे वही डोक्यात ठेवतात. "तू माझ्याबद्दल 'ओनरशिप' लिही, मी तुझ्याबद्दल 'कोलॅबरेशन' लिहितो," हा व्यवहार कॅन्टीनमध्ये कॉफी गार व्हायच्या आत ठरतो. आहेरातली साडी जशी चार घरं फिरून पुन्हा आपल्याकडे येते, तसाच मजकूरही फिरतो. एका सहकाऱ्याला आलेल्या अभिप्रायात तिसऱ्या ओळीपर्यंत त्याचं नाव होतं आणि चौथ्या ओळीत दुसऱ्याच कुणाचं. साडीच्या घडीत आधीच्या देणाऱ्याची चिठ्ठी राहून जावी, तसं.

फॉर्मवर 'सुधारणेला वाव' नावाचा एक रकाना असतो. तो रिकामा सोडता येत नाही, किमान पन्नास अक्षरं भरावीच लागतात. तिथे खरं लिहिलं तर वाईटपणा येतो आणि काही नाही लिहिलं तर फॉर्म पुढे जात नाही. यावर उभ्या आयटी क्षेत्राने काढलेला तोडगा म्हणजे दोष म्हणून गुणच लिहायचा. 'फार मेहनत करतो, त्याने अधूनमधून सुट्टी घ्यावी.' 'तिने आपली मतं आणखी ठामपणे मांडावीत.' हे दुसरं वाक्य मी अशा बाईंबद्दलही लिहिलेलं वाचलंय, ज्यांच्यासमोर बैठकीत गेली कित्येक वर्षं दुसऱ्या कोणाला आपलं मत मांडता आलेलं नाही.

आता तर तेवढेही कष्ट उरले नाहीत. चॅटजीपीटीला सांगायचं, चांगला मुलगा आहे, दोन परिच्छेद लिहून दे. मॅनेजर पाच जणांचे दहा परिच्छेद पुन्हा चॅटजीपीटीलाच देतो आणि सांगतो, सारांश काढ. म्हणजे यंत्राने लिहायचं, यंत्राने वाचायचं, आणि मध्ये ज्याच्याबद्दल हे चाललंय तो माणूस सिल्क बोर्डच्या चौकात अडकलेला.

एवढा आहेर जमला की मग बंद दाराआड 'कॅलिब्रेशन' नावाची बैठक होते. इथे सगळे मॅनेजर आपापल्या माणसांना घेऊन घासाघीस करतात, कारण चांगले शेरे मोजकेच असतात. याचं मूळ बेल कर्व्हमध्ये. घंटेच्या आकाराचा हा वक्र गणितात गाउसच्या नावाने ओळखला जातो. जर्मनीच्या जुन्या दहा मार्कांच्या नोटेवर गाउससाहेबांच्या चित्राशेजारी तो छापलेला होता. त्यांनी तो मोजमापातल्या चुका समजून घ्यायला वापरला. तो माणसांना लावायचं काम जनरल इलेक्ट्रिकच्या जॅक वेल्च यांनी फार जोरात केलं: वरचे २० टक्के, मधले ७० टक्के आणि खालचे १० टक्के, ज्यांनी दुसरीकडे सोय बघावी. त्यांच्या नावाचं संशोधन केंद्र व्हाइटफील्डमध्ये २००० साली सुरू झालं, तेव्हा बेंगळुरूचा आणि या घंटेचा संबंध तसा घरचाच. पुढे मायक्रोसॉफ्टने २०१३ मध्ये ही पद्धत सोडली, मग आपल्याकडच्या बड्या कंपन्यांनीही एकेक करून ती सोडल्याचं जाहीर केलं. कर्व्ह गेला. बजेट होतं तेवढंच राहिलं. त्यामुळे माझ्या ओळखीच्या एकाला मॅनेजरने गेल्या वर्षी काय सांगितलं ते ऐका: "तुझं काम उत्तम झालं. अडचण एवढीच की यंदा टीममध्ये सगळ्यांचंच उत्तम झालं."

यावर करायचं काय? त्याने शेजाऱ्याला मठ्ठ व्हायला सांगायचं?

फीडबॅक म्हटलं की सुधारणा आलीच, असं या सगळ्यात धरून चाललेलं असतं. अवराहम क्लूगर आणि अँजेलो डिनिसी या दोन अभ्यासकांनी १९९६ मध्ये यावरचे तोवरचे शेकडो प्रयोग एकत्र करून तपासले. सरासरीने फीडबॅकचा फायदा होतो, हे दिसलंच. पण तीनपैकी एकाहून जास्त वेळा काम आधीपेक्षा बिघडलं होतं. त्यांनी सुचवलेलं कारण असं की फीडबॅक जितका कामाकडून माणसाकडे सरकतो, तितका तो निकामी होत जातो. "या अहवालात दुसरा तक्ता कळत नाही" असं सांगितलं की माणूस तक्ता बघतो. "तुझ्यात स्पष्टतेचा अभाव आहे" असं सांगितलं की तो आरसा बघतो, मग लिंक्डइन बघतो.

निंदक शेजारी राहायला हवा, असं आपल्याकडे मानतात. बेंगळुरूत ते परवडत नाही. इथे दहा महिन्यांचं भाडं डिपॉझिट म्हणून मागायची जुनी रीत आहे, त्यामुळे आपला निंदक बिचारा सर्जापूरच्याही पलीकडे राहतो आणि जे काही बोलायचं ते ग्रुपवर बोलतो. पण नीट पाहिलं तर खरा फीडबॅक कसा घ्यावा आणि द्यावा, याचं उदाहरण याच गावातल्या एका मराठी घरात सापडतं.

राहुल द्रविडचा जन्म इंदूरचा, पण वाढला तो बेंगळुरूत. वडील किसानच्या जॅमच्या कंपनीत, म्हणून पोराला मित्रांनी 'जॅमी' नाव ठेवलं. आई पुष्पा द्रविड इथल्या विश्वेश्वरय्या इंजिनिअरिंग कॉलेजात वास्तुकला शिकवायच्या. १९९६ मध्ये लॉर्ड्सवर पहिल्याच कसोटीत त्याने ९५ धावा केल्या, तेव्हा कसोटीबद्दल कुणाला शंका नव्हती. एकदिवसीय सामन्यांत मात्र तो संथ खेळतो अशी ओरड सुरू झाली आणि १९९८ मध्ये त्याला त्या संघातून वगळलं. हा फीडबॅक कुणी पावात घालून दिला नव्हता. यादी लागली, तीत नाव नव्हतं. 'सुधारणेला वाव: ठामपणे मत मांडावं' असलं काही नाही.

पुढच्याच वर्षी, १९९९ च्या विश्वचषकात, सगळ्या संघांतल्या सगळ्या फलंदाजांत सर्वाधिक धावा द्रविडच्या होत्या, ४६१. संघाला जादा फलंदाज खेळवायचा म्हणून नंतर त्याने यष्टिरक्षणाचे हातमोजेही घातले. आणि २००३ मध्ये हैदराबादला न्यूझीलंडविरुद्ध त्याच संथ माणसाने २२ चेंडूंत अर्धशतक ठोकलं. मला यातलं आवडतं ते असं की तो सेहवाग झाला नाही. लोक त्याला 'भिंत' म्हणायचे; ती होती तशीच ठेवून त्याने तिला खिडकी पाडली. 'तू संथ आहेस' हे त्याला माणसाविषयी सांगितलं गेलं होतं. ते कामाविषयी आहे असं धरून त्याने दुरुस्ती केली. फीडबॅक देणाऱ्याला अक्कल नसली तरी घेणाऱ्याला ती असली तर चालतं, हे मला त्यावरून पटलं.

आणि देणारा म्हणून द्रविड त्याहून वरचा. इंग्लंडचा फलंदाज केव्हिन पीटरसन रॉयल चॅलेंजर्समध्ये त्याच्याबरोबर खेळलेला. पुढे डावखुऱ्या फिरकीपुढे पीटरसनची पार दैना झाली आणि इंग्लंडातल्या वर्तमानपत्रांनी त्याला आरसे दाखवायला सुरुवात केली. तेव्हा द्रविडने त्याला एक मेल लिहिली. पीटरसनने ती २०१४ मध्ये आलेल्या आत्मचरित्रात छापली आहे. तीत स्वतःच्या थोरपणाचा एक शब्द नाही. सल्ला असा, की नेटमध्ये स्वान आणि पानेसर या तुमच्याच फिरकीपटूंना पॅड न बांधता खेळून बघ. पॅड नसले की पाय आपोआप आवरतो, बॅट पुढे येते आणि डोळे चेंडूवर राहतात, कारण लागलं तर लागतं. सामन्याच्या आदल्या दिवशी हा प्रयोग करू नकोस, असा वर विनोदही. आणि शेवटी, तुला फिरकी खेळता येत नाही असं कुणालाही म्हणू देऊ नकोस.

आता हीच मेल आमच्या कंपनीतून निघाली असती तर? 'प्रिय केव्हिन, फिरकीच्या क्षेत्रातला तुझा प्रवास आम्हा सर्वांना प्रेरणा देणारा आहे. डावखुऱ्या गोलंदाजांशी असलेला समन्वय आणखी दृढ करण्यास वाव आहे. पुढील तिमाहीत यासंदर्भात एक कृती-आराखडा मांडावा.' सोबत एचआरला सीसी. त्रिफळा उडाल्यावर पुन्हा एक आठवण.

याच द्रविडने २०२१ मध्ये एका जाहिरातीत ट्रॅफिकमध्ये अडकून गाडीतून आरडाओरडा केला, बॅटने शेजारच्या गाडीचा आरसा फोडला आणि स्वतःला इंदिरानगरचा गुंड म्हणवून घेतलं, तेव्हा देश हबकला. आम्ही इथले लोक हबकलो नाही. आउटर रिंग रोडवर इतका मोकळा फीडबॅक आम्हाला रोज मिळतो. सँडविच नाही, काही नाही, नुसता मधला भाग. फक्त हे सगळं झाल्यावर समोरचा "स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी" म्हणतो आणि आपण खरंच गाडी वीतभर मागे घेतो. माझ्या पाहण्यात, ऐकल्याबरोबर अंमलात आलेला तो एकमेव फीडबॅक आहे.

एकमेव म्हणणं जरा चूक झालं. दर्शिनी राहिली. उभ्याने इडली-डोसा खायची ही हॉटेलं १९८० च्या दशकात जयनगरकडे सुरू झाली आणि मग गल्लोगल्ली पसरली. मल्लेश्वरममधल्या एका दर्शिनीत रविवारी सकाळी मी मालकाला बघत उभी असते. गल्ल्यावर त्याचा मेहुणा. मालक स्वतः उष्ट्या ताटल्या टाकायच्या टबापाशी. हात मागे बांधलेले, चष्मा नाकावर, आणि नजर टबात. लोक ताटली आणून टाकतात, तो प्रत्येकीत काय उरलंय ते बघतो. इडली कुणी टाकत नाही. सांबार संपलेलं असतं. एका रविवारी लागोपाठ तीन-चार ताटल्यांत चटणी अर्धीअर्धी उरलेली आली. त्याने टबातल्याच एका चमच्याकडे बघून हात आवरला, आत गेला, भांड्यातली चटणी तळहातावर घेऊन चाखली आणि आतल्या माणसाला कानडीत चारच शब्द बोलला. त्यातला 'उप्पु' मला कळला, म्हणजे मिठाचं काहीतरी होतं. पाच मिनिटांत नवी चटणी बाहेर आली. गिऱ्हाइकाला कुणी काही विचारलं नाही, कुणी तारे दिले नाहीत, चटणी करणाऱ्याला त्याच्या 'कार्यशैली'बद्दल ऐकावं लागलं नाही. आणि मार्चची वाट पाहावी लागली नाही. चटणी मार्चपर्यंत टिकत नाही. कोडही टिकत नाही म्हणा, पण ते आम्ही मान्य करत नाही.

मी तेव्हापासून ऑफिसात टबापाशी उभं राहायला लागले. म्हणजे डेमो चालू असताना स्लाइडकडे न बघता लोकांकडे बघायचं. कुठल्या स्लाइडला किती जण फोन काढतात, यात उष्टं काय उरलंय ते कळतं. आणि विचारायचंच असेल तर "काही फीडबॅक?" असं विचारायचं नाही. त्याला या गावात "ऑल गुड" हे एकच उत्तर आहे. हार्वर्डच्या काही संशोधकांनीही २०१९ मध्ये हेच दाखवलं होतं की फीडबॅक मागितला तर लोक गोलगोल बोलतात, सल्ला मागितला तर नेमकं सांगतात. फीडबॅक म्हटलं की माणूस न्यायाधीश होतो आणि सल्ला म्हटलं की काका होतो. काका व्हायला कुणाला आवडत नाही?

आमच्या टीममध्ये टेस्टिंगला हुबळीचा एक पोरगा आहे, चांगलं मराठी बोलतो. त्याला मी विचारलं, "पुढच्या डेमोत काय वेगळं करू?"

त्याने क्षणभरही विचार केला नाही. "ताई, पहिल्या तीन स्लाइड काढून टाका. त्यात कंपनीचा इतिहास आहे, आम्ही कंपनीतच आहोत. आणि दर वाक्याला 'बेसिकली' म्हणता ते थांबवा. मागच्या डेमोत मी मोजत होतो, म्हणून बग बघायचा राहिला."

स्लाइड काढणं सोपं होतं. 'बेसिकली'साठी त्याने आपल्या टेबलावर बिस्किटांचा रिकामा डबा ठेवला, दर वेळी दहा रुपये. मी एकटी का भरू म्हणून मी सगळ्या टीमला नियम लावला. आठवड्यात डबा वाजायला लागला, पण माझ्यामुळे नाही. आमचा मॅनेजर एका वाक्यात दोनदा म्हणतो, हे तोवर कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. किंवा आलं होतं, पण पन्नास अक्षरांत बसत नव्हतं. महिनाअखेरीला त्या पैशांत सगळ्या मजल्याला मद्दूर वडे झाले आणि मॅनेजरने दोन खाल्ले.

यंदाच्या सेल्फ-अप्रेझलमध्ये त्याने मुद्दा घातला आहे: 'टीममध्ये मोकळ्या फीडबॅकची संस्कृती रुजवली.' पुरावा म्हणून डब्याचा फोटो, आणि लिहिणाऱ्यांत माझं नाव. मी 'ओनरशिप' लिहून दिलं. माझा फॉर्म त्याच्याकडेच आहे.